अप्पांचा दगड

गुलबर्ग्याच्या कॉलेजात शिकवणारे हणमंतराव त्या सुट्टीत तीन मित्रांबरोबर कारवारच्या किनाऱ्यावर पक्षी बघत हिंडत होते. झोपायची, रांधायची सोय केलेली मेटाडोर होती. करजगी या गावाहून त्यांचे म्हातारे वडील, राघोबाअप्पा, जन्मात एकदा समुद्र बघावा म्हणून सोबत आले होते.

तिसऱ्या सकाळी चौघे मित्र कड्यावर दुर्बिणी लावून समुद्रगरुड बघत होते. एवढ्यात मागून अप्पांनी जोरात दगड भिरकावला. गरुड उडून गेला.

"अप्पा, दगड कामून मारलाव? हितं काय ज्वारी राखायलाव का?" हणमंतराव सगळ्यांदेखत ओरडले. मित्र हसले.

"चुकलं बाबा," एवढंच म्हणून अप्पा गाडीकडं निघून गेले.

गरुड कुठं बसला ते पाहायला हणमंतराव खडकापलीकडं उतरले. तिथून एक कुत्रं लंगडत पळत होतं, आणि किंचाळणारी टिटवी उघड्यावरच्या आपल्या चार अंड्यांवर पुन्हा येऊन बसत होती. हणमंतरावांच्या कानशिलांना चटका बसला. ते तसेच गाडीकडं वळले.

अप्पा दारात बसून चहासाठी स्टोव्ह पेटवत होते.

"अप्पा, कुत्र्याला मारलो म्हणून सांगितलाव कामून न्हाई?" त्यांनी कसंबसं विचारलं.

अप्पा स्टोव्हला पंप मारत राहिले. "तू समद्याम्होरं बोलून बसलास, बाबा. मी खरं सांगितलो असतो, तर दोस्तांत तुजी मान खाली गेली असती."