जिन्याने येणारा पेशंट

तीन बोटं आत गेली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ती एकावर एक उभी धरली होती, आणि लिफ्ट तपासनिसाचं तोंड विनातक्रार उघडं राहिलं. महिन्यापूर्वी त्यात एक बोटही धड शिरत नव्हतं. जांभई दिली तरी कानापुढे ‘कट्’ असा आवाज व्हायचा. बायको म्हणायची, “घास चावताय की कुलूप उघडताय?”

“जबड्याच्या सांध्याचा दोष थोडाच होता,” बाई हातमोजे काढत म्हणाल्या. “कामाचा ताण तुम्ही दिवसरात्र दाढांखाली धरून बसला होतात. तीन आठवडे रजा घेतलीत, सांधा सैल झाला. आता पुन्हा दात आवळू नका.”

तो तोंडभर हसला. त्याला खरोखर बरं वाटत होतं.

रजेआधीचे दिवस आठवायचे नाहीत, असं त्याने ठरवलं होतं. साहेबांना दिवसाला बारा लिफ्ट तपासून हव्या असत. नीट करायचं म्हटलं तर चार व्हायच्या. उरलेल्या आठ तो तळमजल्यावर वॉचमनच्या खुर्चीत बसून पास करायचा. ना मशीनरूमचं दार उघडायचा, ना दोरांकडे बघायचा. साहेबांपुढे त्याने कधी ब्र काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं मनाशी म्हणायचा आणि सही ठोकायचा.

खिशातला फोन वाजला. साहेबच होते.

“सोमवारी येताय ना? पंधरा तुंबल्यात.”

“हो, साहेब.” दाढेवर दाढ बसली. कट्.

शनिवार होता, दवाखाना दुपारीच बंद व्हायचा. बाई कुलूप लावून त्याच्याबरोबरच निघाल्या. त्यांनी बटण दाबलं, लिफ्ट आली.

“मी जिन्याने जातो,” तो म्हणाला.

“सात मजले? येतानाही दर वेळी धापा टाकत येता. लिफ्ट तपासणारा माणूस लिफ्टला भितो की काय?” हसत त्या आत शिरल्या. आत भिंतीवर तपासणीचा दाखला लावलेला होता. त्यांनी चष्मा वर केला. “अहो, ही सही तुमचीच की! माझ्या फाइलवरही अशीच आहे, लांब शेपटीची. मग काय, डोळे मिटून जावं.”

ही लिफ्ट त्या आठांतली होती. पहिल्याच दिवशी तळमजल्यावर तिचं दार उघडलं तेव्हा त्याने तो दाखला पाहिला होता, आणि तसाच जिन्याकडे वळला होता. महिनाभर अळीमिळी गुपचिळी. आता फक्त दोन शब्द बोलायचे होते: बाहेर या.

त्याने तोंड उघडलं. चांगलं तीन बोटं उघडलं. मग त्याला साहेब दिसले, चौकशी दिसली, गेलेली नोकरी दिसली. तोंड हळूहळू मिटलं.

“जपून जा, डॉक्टर,” तो दातांतल्या दातांत म्हणाला.

दार बंद झालं. वरचे आकडे तो बघत राहिला. सहा. पाच.

कट्.

सवयीने त्याचा हात कानापुढे गेला. जबडा शांत होता.