चार ठोके, चार चाली

चार वाजायला पाच मिनिटं होती आणि घड्याळजी पहिल्या चालीवर अडून बसला होता.

मांत्रिकांचा खेळ म्हणजे सगळा दोन हातांचा कारभार. मूठ म्हणजे आग, आडवा तळवा म्हणजे ढाल, दोन्ही हात छातीवर म्हणजे शरण. चौकातल्या घड्याळाचे चार ठोके, त्या चार चाली. ठोक्यासरशी दोघांनी एकाच क्षणी हात दाखवायचे. समोरच्याचं बघून आपलं बदलायची सोय नाही.

समोरच्या इमारतीतली शिंपीण गेले तीन महिने रोज चारला खिडकीत उभी राहायची. रस्ता रुंद, आवाज पोचत नसे. हा जपून खेळणारा, सुरुवातीला दोन ढाली. ती बेधडक, पहिल्याच ठोक्याला दोन मुठी. कधी याची आग तिला सरळ लागायची, तरी ती जिंकल्यासारखी हसायची. मोठ्या मनाची आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मग संध्याकाळपर्यंत हा हवेत. घड्याळं आपली आपणच दुरुस्त होत.

"दोन जिने उतर आणि तोंडाने विचार की," ताई म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याकडे जाता जाता ती घराची किल्ली द्यायला आली होती.

"खेळातच विचारणार. पहिल्या चालीला शरण."

"आणि तिने आग टाकली तर?"

"जळेन. दुसरं काय?"

ताईने कपाळाला हात लावला.

पहिला ठोका पडला. त्याने हात छातीवर ठेवले. तिची आग. दुसऱ्याला तिची ढाल. त्याचे हात छातीवरच राहिले. तिसऱ्याला तिच्या मुठी हवेतच थबकल्या. चौथ्याला तिने दोन्ही हात हळूच छातीवर ठेवले.

जिने कसे उतरला, रस्ता कधी ओलांडला, त्याला कळलं नाही. माणसं, गाड्या, सगळं पाण्याखालून चालल्यासारखं संथ वाटत होतं. इतकं सुख त्याला कधी झालं नव्हतं.

तिचं दार उघडंच होतं. ती पाठमोरी, अजून खिडकीतच उभी होती.

"आलो," तो म्हणाला.

"कपडे टेबलावर ठेवा हं," ती न वळता म्हणाली. आवाज भरून आला होता. "मापं घेते, दोनच मिनिटं थांबा."

त्याने तिच्या खांद्यावरून समोर पाहिलं. त्याच्या खिडकीची काच चारच्या उन्हाने नुसती चमकत होती, आतलं काहीच दिसत नव्हतं. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत चष्मेवाला तिच्याकडे बघत, दोन्ही हात छातीवर ठेवून उभा होता.