‘बुधवार’ नावाची फाईल

नवऱ्याच्या डोक्यातलं ड्रायव्हिंग कॉपी करून स्वतःच्या डोक्यात उतरवून घेतलं, तर सुमेधा केतकरला त्यासोबत आणखी एक फाईल आलेली दिसली. नाव होतं ‘बुधवार’. गाडीत बसूनच तिने कॉपी करून देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

“कॉपी करताना मूळ माणसाची एखादी सवय चिकटून येते, मॅडम,” पलीकडची बाई म्हणाली. “पुसून टाकू?”

“थांबा हो! बुधवारी ह्यांचं भजनी मंडळ असतं. पण ह्यात एकही अभंग नाहीये.”

“मग चालवून बघा. पण एकदा चालवली की ती निघत नाही हं.”

सुमेधाने चालवली. हातांनी आपोआप स्टिअरिंग वळवलं. भजनाचं देऊळ मागे पडलं आणि गाडी बंदराजवळच्या गल्लीत, एका निळ्या दारासमोर सराईतपणे उभी राहिली. सुमेधाने उतरून दार ठोठावलं. बावीस वर्षांचा संसार!

दार ठसठशीत कुंकू लावलेल्या बाईने उघडलं.

“मी श्रीनिवास केतकरांची बायको. तुम्ही त्यांच्या कोण?”

“अगो बाय! मी कोण असणार? खानावळवाली! बसा, हे भाऊजींचंच टेबल.”

सुमेधाच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नसे. ती त्या टेबलाशी बसली. समोर तळलेला बांगडा आला. तिने किंचाळायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्याच बोटांनी मधला काटा अख्खाच्या अख्खा अलगद सोडवला आणि पहिला घास त्या उघड्या तोंडात भरला.