गोदूचं नाव

“आधी दार उघड, मग गुडघे टेक.” आईचं हे सांगणं कुमुदला अजून आईच्याच आवाजात ऐकू यायचं. पण ते गावच्या घरासाठी होतं, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिथं चुलीचा धूर कोंडायचा. इथं पनवेलला दार उघडलं की नाक्यावरच्या ट्रकांची धूळ आत, आणि डास वेगळे. म्हणून पहाटे साडेपाचला ती दाराला कडी घालायची, खिडकीची एक झडप वाऱ्यापुरती किलकिली ठेवायची आणि मोठ्यानं प्रार्थना करायची.

अकरा वर्षं. एक दिवस चुकला नव्हता. ‘आमेन’ म्हटलं की वहीत एक फुली. येत्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला मंडळीपुढे साक्ष द्यायला सांगितलं होतं आणि तिथंच गाडी अडली होती. देवानं तिच्यासाठी काय काय केलं ते लिहायला ती बसायची. पहिली ओळ यायची, ‘माझा नेम अकरा वर्षांत चुकला नाही.’ पुढे काही सुचायचं नाही. ती कागद फाडायची. पुन्हा लिहायला घ्यायची. पुन्हा तीच ओळ.

त्यात दहा-बारा दिवस खिडकीखाली कुणीतरी खोकत होतं. बरोबर प्रार्थनेच्या वेळी. मध्येच बांगड्या वाजायच्या. ‘आमेन’ झालं की पावलं निघून जायची.

“देवदूत असेल,” नवरा, कमलाकर, अंथरुणातूनच म्हणाला होता. “तुझी हजेरी तपासायला आला असेल.”

“तुम्हाला थट्टा सुचते. माझं लक्ष उडतं त्याचं काय?”

लक्ष तसं आधीपासूनच उडालेलं होतं. जीभ आपली चालायची. मंडळी, पाळकसाहेब, देशाचे पुढारी, शेजारच्या माधुरीताईंची सून, मग सर्व आजारी आणि दुःखी. त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. मनात तोवर डाळ भिजत घालायची राहिली का, हे येऊन जायचं. पण राग सगळा त्या खोकल्यावर.

शुक्रवारी ती ‘सर्व आजारी’पर्यंत आली आणि खोकल्याची उबळ उठली. कुमुद ओळ अर्धी सोडून उठली. तिनं झडप धाडकन ढकलली.

“कोण आहे गं? माणसानं देवाचं नाव घ्यायचं की नाही निवांत?”

खाली साळू उभी होती. बंबासाठी लाकडांची मोळी आणून देणारी, नेऱ्याकडच्या वाडीतली कातकरीण. यंदा ती नदीपलीकडच्या वीटभट्टीवर राहायला आली होती. डोक्यावर मोळी तशीच होती.

“मीच हाय, बाय. बाजारात जाते, तं जाता जाता उबी रवते.”

“माझ्याच खिडकीखाली?”

“गोदूचा नाव आयकायला.”

कुमुदला काही उमगेना. “कसलं नाव?”

“माज्या पोरीचा. तिचा ताप उतरत नाय म्हनून मी तुमच्या दारात रडत व्हते, तवा तुमीच बोल्लाव. रोज पाटं देवाला तिचा नाव सांगन. आनि येऊन बगून बी जान.”

कुमुदला आठवलं. त्या दिवशी दूध उतू चाललं होतं. साळूला लवकर वाटेला लावायचं होतं. मंडळीत निरोप घेताना सगळेच म्हणतात, ‘प्रार्थनेत आठवण ठेवते हं.’ तसंच ते तिच्या तोंडून गेलं होतं.

साळूनं मोळी सावरली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

“बाकीची नावां रोज आयकली. तिचा नाय आला. तुमी मनातल्या मनात घेता काय, बाय? तसा असंल तं मी उगाच थांबते.”

कुमुदनं खिडकीचा गज घट्ट धरला. “कशी आहे ती?”

“ताप हायच. काल सांजेपासून पानी बी घेत नाय.”

“मोळी खाली ठेव. मी येते. तिला दवाखान्यात नेऊ.”

तिनं खुंटीवरची शाल घेतली, पलंगावरची चादर ओढून घडी केली. वहीवर पेन्सिल तयार ठेवलेली होती. ‘आमेन’ राहिलं होतं. फुलीची जागा कोरी होती. तिनं वही मिटली.

“झाली का गं प्रार्थना?” कमलाकरनं कूस बदलत विचारलं.

“नाही. अजून सुरूच कुठं केलीय,” कुमुद म्हणाली, आणि तिनं आधी दार उघडलं.