ऐकलेलं वाक्य

दुसरीची मुलं फळ्याकडे न बघता लिहितात हे शाळा तपासणीला येणाऱ्या साहेबांना पटलं, की वसेकर बाईंच्या बदलीला त्यांची शिफारस मिळणार होती आणि रोजचा चार तासांचा एसटीचा प्रवास सुटणार होता. म्हणून बाईंनी वर्षभर एकच गृहपाठ दिला: घरात ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं लिहून आणायचं.

तपासणीला शाळा समितीचे अध्यक्ष साहेबांशेजारी बसले होते. बाईंनी हुशारीने त्यांच्याच मुलीला, आरोहीला, कालचं वाक्य वाचायला उभं केलं.

"बाबा आईला म्हणाले, या बाईंमुळे पोरं लिहायला लागली, आता त्यांना गावातून हलू द्यायचं नाही."

अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले.

"काय हो, खरं का?" साहेबांनी विचारलं.

"पोरगी ऐकलं तेच लिहिते, साहेब. बाईंचीच शिकवण."

साहेबांनी बदलीचा अर्ज बाजूला सारला आणि शेरा लिहिला: उत्कृष्ट.

शाळेला शेरा मिळाला, गावाला बाई मिळाल्या. बाईंनी आरोहीची वही तपासली. एकही चूक नव्हती. त्यांनी तिला चांदणी दिली आणि नेहमीची सव्वापाचची एसटी पकडायला निघाल्या.