बत्तिसावं झाकण

कंपनीने परत मागवलेला एकतिसावा अ‍ॅम्प्लिफायरही त्याच जागी जळला होता. तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर टाकला. आतलं मॉड्यूल तिनेच डिझाइन केलेलं. दुपारी बारा वाजेपर्यंत कारण सापडलं नाही, तर साहेब ते कायमचं बंद करणार होते. पाच वर्षांची मेहनत पाण्यात! आणि लॅबमध्ये मात्र ते दिवसदिवस बिनतक्रार गात होतं.

बत्तिसाव्या खोक्यावर एका नाट्यगृहाच्या साउंडवाल्याची चिठ्ठी होती : 'हा बिघडलेला नाही. बाहेर दुरुस्त करून घेतला, तेव्हापासून मस्त चालतोय. बदलून देणार असाल तर असाच द्या.'

"घ्या! तुमच्यापेक्षा मिस्त्री भारी निघाला," शेजारचा तंत्रज्ञ हसला.

तिने झाकण उघडलं. कपॅसिटर जागेवर नव्हता. तापणाऱ्या हीटसिंकला खेटून तिने बसवलेला तो भाग कुणीतरी उचलून पार दुसऱ्या कोपऱ्यात नेला होता. तिने कपाळावर हात मारला. लॅबमध्ये चाचण्या झाकण उघडं ठेवून होतात. लोक झाकण लावून वापरतात. बंद पेटीत तो बिचारा शिजत होता.

झाकणाच्या आत पेन्सिलीने काही लिहिलं होतं. अक्षर पाहून तिचे डोळे भरून आले. बाबा! त्यांचं दुरुस्तीचं दुकान, आणि चाळीस वर्षांची ही खोड. प्रत्येक झाकणात तीन ओळी : दोष काय, उपाय काय, चूक कोणाची. तिसऱ्या ओळीत ते कुणाचीही भीड ठेवत नसत. 'चूक : कंपनीचा गाढवपणा' असं तिने लहानपणी कितीदा वाचलं होतं.

तिने तिसऱ्या ओळीवर अंगठा ठेवला आणि फोन लावला.

"बाबा, नाट्यगृहातला अ‍ॅम्प्लिफायर माझ्यासमोर आहे. एकतीस जळालेत, हा एकटा जिवंत. वाचवलंत हो मला. जन्मभर विसरणार नाही."

"एकतीस?" बाबांचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं, तो एकच जळला असेल." मग त्यांनी विचारलं, "तिसरी ओळ वाचलीस?"

"हिंमत होत नाहीये."

"वाच."

तिने अंगठा उचलला.

'चूक : माझी. लेकीने ड्रॉइंग दाखवलं तेव्हाच दिसलं होतं. पोर इतकी खूश होती, की सांगवलं नाही.'