डावीकडे, खाली

पाचही छर्रे डावीकडे खाली लागले होते. टार्गेटचा कागद तारेवरून सरकत जवळ आला, तशी निवड करणाऱ्या मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, मान हलवली आणि पेनानं बेरीज लिहिली.

"नाही गं जमलं आज. एवढ्या गुणांवर संघात कशी घेऊ मी तुला?"

पोरीनं चेहरा पाडला. आतून मात्र तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. बाबांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, "यंदा निवड झाली नाही तर पिस्तूल पेटीत. मग खुशाल जा मावशीकडे, शीक तिची बेकरी. मी चकार शब्द काढणार नाही." कबूल करताना ते हसत होते. निवड होणार नाही, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग, आणि पहाटे घरात पोरीच्या पाठीमागे स्टूल टाकून बसणं. अरुंद पॅसेजच्या टोकाला भिंतीवर काळा ठिपका रंगवलेला होता. त्यावर रिकामं पिस्तूल रोखायचं. नळीवर बाबा नाणं ठेवणार. नाणं न पाडता ट्रिगर दाबायचा. "ओढू नकोस. दाब. छर्रा कधी सुटला ते तुलासुद्धा कळता कामा नये." चहा त्यानंतर. अंगात ताप असला तरी चहा त्यानंतरच. शाळा संपली, मैत्रिणी पांगल्या, पॅसेज तेवढा राहिला. आईनं एकदा भीत भीत विषय काढला होता, "पोरीला विचारलंत का कधी?" बाबा खरोखर चकित झाले होते. "अगं, तिला आवडतं म्हणून तर मी पहाटे उठतो!" आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मारका बाप परवडला, त्याच्या घरातून पळून तरी जाता येतं. प्रेमळ बापाच्या घराला दारच नसतं.

म्हणून तिनं चुकायचं ठरवलं. ट्रिगरला हिसका दिला की नळी हलते आणि छर्रा डावीकडे खाली जातो. हा नवशिक्यांचा ठरलेला रोग, कुणालाही पटेल असा. पण आज रेषेवर उभी राहिली आणि बोट तिचं ऐकेना. ती हिसका द्यायला जाई आणि ते आपलं शहाण्यासारखं सावकाश, सरळ मागे येई. सवय हाडीमांसी खिळली होती. शेवटी तिनं नेमच डावीकडे खाली धरला आणि बोटाला त्याचं काम करू दिलं.

तिथंच घोळ झाला.

बाबांनी मॅडमच्या हातून कागद घेतला. खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. मग ते जवळजवळ ओरडलेच.

"मॅडम, बघा की हे! छर्रे पाच आणि भोक एकच. हिसका देणाऱ्याचे छर्रे असे लागतात होय? विखुरतात ते! पोरीचं काही चुकलेलं नाही. पिस्तुलाची साइट सरकलीय."

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "अरेच्चा, खरंच की."

"काल पुसताना माझाच हात लागला असणार. माझ्या चुकीची शिक्षा तिला नका देऊ. आणखी पाच मारू द्या." बाबांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. पोरीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मॅडम हो म्हणाल्या. बाबांनी खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. भोक मध्यापासून किती लांब आहे ते पाहिलं आणि नेम धरायच्या साइटचे स्क्रू फिरवले, आधी उजवीकडे, मग वर. घड्याळजीचा हात तो, केसाचीही चूक नाही.

"घे बाळा. मघाशी मारलेस ना, अगदी तसेच मार. सगळे मधोमध, दहात जातील."

तिनं पिस्तूल उचललं आणि तिच्या लक्षात आलं, बाबा अगदी खरं बोलत होते. मघासारखा नेम डावीकडे खाली धरला, तर पाचही छर्रे बरोब्बर दहात. मग टाळ्या, मग संघ, मग पॅसेज आणि नाणं, जन्मभर. नेम मधोमध धरला, तर सरकवलेल्या साइटमुळे छर्रे उजवीकडे वर जाणार, मघाच्या भोकाइतकेच लांब. मॅडमना काही कळणार नाही. बाबांना एका नजरेत सगळं कळेल.

तिनं मागे वळून पाहिलं. बाबा ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. दाब. ओढू नकोस.

तिनं नेम मधोमध धरला. इतकं मनापासून तिनं आजवर कधीच मारलं नव्हतं.

कागद सरकत आला. पुन्हा भोक एकच, उजवीकडे वर.

"आता हे काय?" मॅडम बुचकळ्यात पडल्या. "स्क्रू जास्त फिरवलात का?"

बाबांनी मघाचा कागद या कागदावर ठेवला आणि दोन्ही दिव्यासमोर धरले. मधोमध काळं वर्तुळ, दोन बाजूंना दोन भोकं, सारख्याच अंतरावर. भिंग त्यांनी लावलंच नाही. पोर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

त्यांनी पिस्तूल हातात घेतलं आणि स्क्रू उलटे फिरवले, आधी वरचा, मग उजवीकडचा.

"नाही मॅडम," ते म्हणाले, "साइट आधीपासूनच बरोबर होती. तुम्ही पहिलीच बेरीज धरा."

पिस्तूल पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावलं. दोन्ही कागदांची नीट घडी घालून खिशात ठेवली. पेटी उचलून ते दारापर्यंत गेले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले,

"तुझ्या मावशीला फोन लाव. म्हणावं, भट्टीची काळजी नको, पोरीला पहाटे उठायची सवय आहे."